फडक्याची गाठ

गेल्या महिन्यात नांदेडला एका सभागृहात मला हार घालण्यात आला. प्राथमिक शाळांत हयात घालवलेल्या म्हाताऱ्यांना एका रांगेत बसवायचं, प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार आणि मांडीवर नारळ ठेवायचा, असा तो कार्यक्रम होता. मुख्य पाहुणे चाळीस मिनिटं बोलले. मुलाच्या शिकण्यात घराचाही वाटा असतो, हा शोध त्यांना नुकताच लागला होता. त्यासाठी त्यांनी एक पुस्तिका छापली होती. प्रत्येक दिवसाला एक पान आणि पानाच्या खाली एक रेघ : पालकाची सही. ‘‘आजवर हे कोणालाच सुचलं नव्हतं,’’ असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हातात नारळ होता म्हणून नीट वाजल्या नाहीत, इतकंच.

घरी येऊन हार खुंटीला अडकवला आणि ती पुस्तिका चाळली. सही करू शकेल असं कुणीतरी प्रत्येक घरात असणारच, हे तिनं धरूनच चाललं होतं. ज्या घरात तसं कुणी नाही त्या घराशी पुस्तिकेला काही बोलायचं नव्हतं. मला राग आला. पण तो राग त्या पाहुण्यांच्या अंगावर बसेना. त्यांच्या मापाचा तो नव्हताच. तो फार जुना आहे, आणि कोणाच्या मापाचा आहे ते मला नीट ठाऊक आहे.

मी वीस वर्षांचा असताना हदगावच्या सरकारी शाळेत मास्तर म्हणून लागलो. राज्य निजामाचं होतं. ते आता फार दिवस टिकत नाही अशी कुजबूज होती, आणि कुजबूज वाढेल तसा कागदांवरच्या शिक्क्यांचा आकार वाढत होता. शाळा चौथीपर्यंत. मास्तर तिघं. एक सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर. दुसरा मी. आणि तिसरे ते, ज्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण गावात त्यांना सगळे गाठीमास्तर म्हणत.

उंच, वाळकुडे, धोतर गुडघ्याच्या जरा खालीच संपलेलं. कायम रागावलेले. मुलांवर त्यांनी कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. त्यांचा सगळा राग मिशी फुटलेल्या माणसांसाठी राखून ठेवलेला असायचा. वर्गात मास्तरासाठी एक खुर्ची होती. तिच्यावर ते पाण्याचा माठ ठेवत आणि स्वतः पोरांमध्ये सतरंजीवर बसत. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, ‘‘सरकारी खुर्चीवर माठ?’’

‘‘मग काय करू? त्या खुर्चीवर बसून अजून कुणाची तहान भागलेली मी पाहिली नाही.’’

बाजाराच्या दिवशी शाळा दुपारी सुटे. गाठीमास्तर सरळ बाजारात जात आणि वाटेत उभे राहत. मिरच्या, गूळ, दोरखंड घेऊन चाललेला एखादा बाप सापडला की त्याला अडवत.

‘‘तुमचं पोर काल काय शिकलं?’’

‘‘आमाला काय ठावं, मास्तर? शाळेत घातलंय न्हवं त्याला?’’

‘‘शाळेत घातलं म्हणजे? विहिरीत टाकलं असं सांगावं तसं सांगता! काढायला कोण येणार?’’

लोक हसत. बाप ओशाळून म्हणे, ‘‘आमी अडाणी मान्सं. आमाला काय समजतंय त्यातलं?’’ हे वाक्य मास्तरांना सहन होत नसे. त्यांच्या कपाळावरची शीर टरारून येई. ‘‘कडबा किती दिवस पुरेल ते तुम्हाला तोंडी समजतं. बैल कोणत्या पायानं लंगडतो ते न बघता समजतं. आणि सहा वर्षांचं पोर काय सांगतंय ते समजत नाही? समजायचं नाही म्हणून सांगा, समजत नाही म्हणू नका.’’ एवढं बोलून ते पुढच्या बापाकडे वळत. गुळाचे व्यापारी त्यांना लांबूनच हात जोडत, कारण ते उभे राहिले की त्या वाटेनं गिऱ्हाईक येत नसे.

आता गाठीचं सांगतो. त्या काळी पोरांच्या दगडी पाटीला लाकडी चौकट असे. चौकटीला भोक, भोकात सुतळी, सुतळीला पाटी पुसायचं फडकं. गाठीमास्तरांच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक नेम होता. घरी गेल्यावर, आज जे शिकलो ते घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगायचं. ते माणूस लिहिता-वाचता येणारं चालणार नाही. त्या माणसानं ऐकायचं आणि फडक्याच्या टोकाला गाठ मारायची. एक गाठ म्हणजे पोरानं सांगितलं आणि मला समजलं. दोन गाठी म्हणजे पोरानं सांगितलं, पण मला समजलं नाही. फडकं सरळ असेल तर पोरानं सांगितलंच नाही.

सकाळी मास्तर हजेरी घेत नसत. आधी फडकी बघत. सरळ फडक्याच्या पोराला काही बोलत नसत, संध्याकाळी त्याच्या घरी जात. पण दोन गाठी दिसल्या की त्यांचा चेहरा बदलायचा. दोन गाठी म्हणजे चूक त्यांची, असा त्यांचा हिशेब. पोर शिकलं असतं तर त्याला आईला सांगता आलं असतं. म्हणजे पोर शिकलं नाही. म्हणजे मास्तर चुकला. मग तो धडा सगळ्या वर्गाला पहिल्यापासून.

मी त्यांना एकदा विचारलं, ‘‘वाचता येणारं माणूस का चालत नाही? उलट बरं की.’’

‘‘वाचता येणारा दुरुस्त करतो. दुरुस्त करायला सरकारनं मला ठेवलंय. घरी ऐकणारं माणूस पाहिजे.’’ जरा थांबून म्हणाले, ‘‘पोराला आयुष्यात एकदा तरी असं वाटलं पाहिजे की आपल्याला येतं आणि मोठ्या माणसाला येत नाही. मग ते शाळा सोडत नाही.’’

गावातल्या एका वकिलांचा मुलगा त्यांच्या वर्गात होता. त्याच्या फडक्याला रोज एक गाठ, तीही घट्ट, टोकापासून नेमकी दोन बोटांवर. पाचव्या दिवशी मास्तर म्हणाले, ‘‘ही गाठ वकिली आहे,’’ आणि संध्याकाळी मला बरोबर घेऊन वकिलांकडे गेले. वकील ओसरीवर तक्क्याला टेकून होते. म्हणाले, ‘‘मी स्वतः बसवून घेतो त्याला. तुमच्यापेक्षा बरं शिकवतो.’’

‘‘म्हणूनच तो माझ्या वर्गात तोंड उघडत नाही. त्याच्या आईला का नाही ऐकवत?’’

‘‘तिला काय कळतंय?’’

आतल्या दाराआडून बाईंचा आवाज आला, ‘‘मला येतंय की ऐकायला. कुणी सांगतच न्हाई.’’

वकिलांनी दाराकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. त्या दिवसापासून गावात गाठीमास्तरांचा एक शत्रू झाला, आणि त्या पोराच्या फडक्याला एक वेडीवाकडी, ढिली, कुठंही बसलेली गाठ येऊ लागली. पोरगं वर्गात बोलूही लागलं. या दोन्ही गोष्टी वकिलांनी मास्तरांना कधीच माफ केल्या नाहीत.

गाठीमास्तरांच्या तिसरीच्या वर्गात चार मुली होत्या. त्यातली एक गोदी. बाप नव्हता. आई कुणाच्याही रानात कापूस वेचायला, ज्वारी काढायला जाई. गोदी वर्गात हुशार गणली जात नव्हती, पण तिच्या फडक्याची मास्तरांना धास्ती होती. तिची आई मुलाहिजा ठेवून गाठ मारणाऱ्यांतली नव्हती. समजलं नाही तर नाही.

हातच्याची वजाबाकी सुरू झाली. बावन्नातून सत्तावीस. दोनातून सात जात नाहीत, शेजारच्या घरातून दहा घ्या. सगळ्या वर्गाच्या फडक्यांना एक-एक गाठ आली, गोदीच्या फडक्याला दोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवलं. पुन्हा दोन. तिसऱ्या दिवशीही दोन. मास्तर त्या दिवशी डबा न उघडता बसून राहिले. मग गोदीला जवळ बोलावलं.

‘‘आईला काय समजत नाही गं?’’

गोदी बोटानं सतरंजीचा दोरा ओढत म्हणाली, ‘‘आई म्हणती, शेजारच्या घरून दहा आणले तर परत कवा देयाचे? मास्तर परत देयाचं सांगतच न्हाईत म्हणती.’’

वर्ग हसत सुटला. मास्तर उभे राहिले. ‘‘हसू नका! तीन दिवस तुम्ही चाळीस जण आणून राहिलात, एकाला तरी परत द्यायची आठवण झाली का? मला झाली का?’’

दुसऱ्या दिवशी ते खांद्यावर कडबा घेऊन शाळेत आले. ज्वारीच्या धाटांच्या दहा-दहाच्या पेंढ्या बांधल्या. पाच पेंढ्या आणि दोन सुटी धाटं मधे ठेवली. ‘‘गोदे, सात धाटं दे मला.’’ गोदीनं दोन दिली आणि थांबली. मग पेंढीकडे पाहिलं. मग वाकून पेंढीचा आळा सोडला. मास्तर इतक्या मोठ्यानं ‘‘हां!’’ म्हणाले की माझ्या वर्गातली पोरं दचकली. ‘‘कुणाच्या घरून काही आणलं नाही. आपलीच पेंढी सोडली. परत द्यायचा प्रश्नच नाही. जा, सांग आईला.’’

सकाळी गोदीच्या फडक्याला एक गाठ होती. मास्तर तिची पाटी घेऊन माझ्या वर्गात आले, चपराशाला दाखवली, मग हेडमास्तरांच्या खोलीत गेले. हेडमास्तर म्हणाले, ‘‘फडकं धुवायला सांगा मुलीला.’’

पुढच्या बाजारात गोदीची आई भेटली. पदर कपाळावर ओढून, दुसरीकडे बघत म्हणाली, ‘‘पेंढीचं आदीच सांगायचं न्हवं का, मास्तर? तीन दिस डोकं खाल्लंत.’’

‘‘चुकलो, बाई,’’ ते म्हणाले. मिशी फुटलेल्या आणि न फुटलेल्या एकूण मनुष्यजातीत, मोठ्या माणसासमोर त्यांनी हा शब्द उच्चारलेला मी तेवढाच ऐकला.

आता हेडमास्तर. हे आमच्याच लोकांपैकी होते, आमच्यासारखंच मराठी बोलत घरी. शाळेच्या पायरीवर पाय पडला की मात्र त्यांची जीभ दरबारात शिरे. पाणी मागायचं तर ‘आब’ म्हणत, आणि चपराशी चाचा, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तीच भाषा, ते विचारात पडत की साहेबांना नेमकं काय पाहिजे. वर्षातून एकदा मोहतमिम साहेबांचा मुआयना होई, म्हणजे शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याकडून शाळेची तपासणी. त्या दिवशी हेडमास्तर शेरवानी आणि रुमी टोपी घालत. टोपीचा गोंडा त्यांच्या बोलण्याच्या जरा मागून हले.

मुआयन्याची आमच्या शाळेची एक रीत होती. बारा प्रश्न आणि बारा उत्तरं महिनाभर घोकून घ्यायची. ज्यांना ती येतात त्यांना पुढे बसवायचं. ज्यांना येत नाहीत त्यांना त्या दिवशी ताप यायचा. आदल्या दिवशी हेडमास्तर वर्गावर्गातून फिरत आणि पोरांकडे बोट दाखवत : तुला ताप, तुला ताप, तुला पोटदुखी. पोरं बिचारी खूश होऊन घरी राहत. हजेरीपटात ‘बीमार’ अशी नोंद होई. मी माझ्या वर्गातल्या सात जणांना ताप दिला होता. हेही सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोठेपणानं सांगतोय असं कुणाला वाटायला नको.

गाठीमास्तरांनी एकालाही ताप दिला नाही.

मोहतमिम साहेब आले. थकलेला, धुळीनं माखलेला, भला माणूस होता. माझ्या वर्गात बारापैकी तीन प्रश्न विचारले आणि तीन उत्तरं मिळाली. मग तिसरीच्या वर्गात गेले. माझा वर्ग लगतचा, मधे भिंतही अर्धीच, म्हणून सगळं दिसत होतं. साहेबांनी खुर्चीवरचा माठ पाहिला. मग त्यांचं लक्ष पाट्यांकडे गेलं.

‘‘ये गाँठें क्या हैं?’’

हेडमास्तर झटकन पुढे झाले. ‘‘गंडा है, हुजूर. जाहिल औरतें. नजर के वास्ते.’’

‘‘खोटं आहे,’’ गाठीमास्तर म्हणाले. मग साहेबांसाठी उर्दूत, सरळ साधी उर्दू, त्यांनी सगळं सांगितलं. एक गाठ, दोन गाठी, सरळ फडकं. साहेबांनी गोदीची पाटी हातात घेतली, गाठीवरून बोट फिरवलं आणि हसले. ‘‘यानी माएँ मुआयना करती हैं?’’

‘‘रोज करतात, हुजूर. आपण वर्षातून एकदा.’’

साहेब यावरही हसले असते, माझी खात्री आहे. पण त्यांनी सहज विचारलं, की बाकीच्या वर्गांत पोरं इतकी कमी का? हेडमास्तर म्हणाले, ‘‘बुखार, हुजूर. कस्बे में बुखार है.’’

‘‘बुखार शाळेतूनच गावात गेलाय, हुजूर,’’ गाठीमास्तर म्हणाले. ‘‘ज्यांना येत नाही त्यांनाच तो येतो. माझ्या वर्गात बघा, सगळी आहेत. ज्यांना येत नाही तीही. त्यांनाच विचारा, म्हणजे मला काय येत नाही ते कळेल.’’

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. रुमी टोपीचा गोंडा हलायचा थांबला होता. शेऱ्याच्या वहीत त्या दिवशी हेडमास्तरांविषयी दोन ओळी आल्या. चांगल्या नव्हत्या.

आठ दिवसांनी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं. ते मराठीत बोलू लागले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी खरं चाललं आहे.

‘‘तुमचं उर्दू अक्षर सुबक आहे. एक बयान लिहायचं आहे.’’

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. सरहद्दीपलीकडे सरकारविरुद्ध जे लोक जमले आहेत त्यांच्याशी या मास्तराचं संधान आहे. पोरांच्या फडक्यांना मारलेल्या गाठी हे खुणेचे निरोप आहेत. एक गाठ म्हणजे रस्ता मोकळा. दोन गाठी म्हणजे माणूस येतो आहे. वर्गात त्यांनी कधी एवढी कल्पनाशक्ती वापरली असती तर मी त्यांना गुरू मानलं असतं. वकिलांनी साक्षीदार म्हणून आधीच सही द्यायचं कबूल केलं होतं.

‘‘खाली तुमची सही,’’ हेडमास्तर म्हणाले.

मी म्हणालो, ‘‘पण असं काही नाही, सर.’’

‘‘नाही ना? बरं. तुमच्या वर्गातल्या सात पोरांना ताप कोणी दिला, ते मग वेगळ्या कागदावर लिहू. अजून तुम्ही मुस्तकिल झालेला नाहीत, कायम झालेला नाहीत, हे ध्यानात आहे ना?’’

मी पुस्तकं वाचलेला माणूस होतो. नांदेडच्या वाचनालयात जेवढी होती तेवढी वाचली होती. सत्यासाठी विष प्यालेल्या, सुळावर गेलेल्या माणसांच्या गोष्टी मला तोंडपाठ होत्या. मी सही केली.

मग हेडमास्तरांनी चाचांना आत बोलावलं. शाळेत नित्य हजर असणारा म्हणून चपराशाचा अंगठा हवा होता. शाईची पेटी पुढे ठेवली. चाचांनी हात मागे बांधले.

‘‘मैं पढ्या नई, साब. जो पढ्या नई, उसपे अंगूठा कैसा लगाऊं? पढके सुनाव.’’

हेडमास्तरांनी मला खूण केली. माझंच अक्षर मी वाचून दाखवलं. चाचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, खाली मान घालून, अगदी गोदीची आई ऐकत असेल तसं. मग म्हणाले, ‘‘ये तो झूट हय. मैं रोज देखता ना उनों को. नई लगाता.’’

‘‘नौकरी जायगी!’’

‘‘जाने दो, साब. घंटा बजाने को तुमारे को दुसरा मिल जायगा.’’ आणि घंटेची वेळ झाली होती म्हणून ते घंटा द्यायला गेले.

त्यांची नोकरी गेली नाही. त्यांना कोणी साधं विचारलंही नाही. होत्या तेवढ्या सह्या पुरल्या, आणि एक अंगठा कमी आहे हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मी सही केली नसती तर मलाही काही झालं नसतं, असं आता वाटतं. हाच विचार मला सगळ्यांत जास्त जाळतो. संकट मोठं होतं असं म्हणून सुटावं, तर तेही लहानच निघालं.

पुढे राजवट गेली. हेडमास्तरांची रुमी टोपी एका आठवड्यात गेली आणि पांढरी आली. डोकं तेच राहिलं. पहिल्या झेंड्याला त्यांनीच दोरी ओढली आणि गुलामीच्या काळ्या रात्रीवर मराठीत भाषण केलं. वकील शाळेच्या कमिटीवर आले. यथावकाश मीही हेडमास्तर झालो. गाठीमास्तर मात्र परत आले नाहीत. अर्धापूरकडे एका केळीच्या बागेत राखणीला आहेत असं कोणीतरी सांगितलं होतं. अर्धापूर काही काशी नाही. हदगावहून निघालो असतो तर दुपारच्या जेवणाला पोचलो असतो. मी गेलो नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्यांना काढल्याचा हुकूम आला त्या दिवसाकडे येतो.

तहसिलीतला पेशकार, म्हणजे कारकून, दमणीतून हुकूम घेऊन आला. बैल शाळेच्या मागे बांधले. गाठीमास्तर वर्गात होते. हुकूम त्यांनी उभ्यानं वाचला. सोबत बयानाची नक्कल होती, तीही वाचली. मग पाटीवरची वजाबाकी पुरी करून घेतली, पोरांना पाणी प्यायला सोडलं आणि माझ्याकडे आले. मी खाली बघत होतो. मला वाटलं आता ते मला सोडणार नाहीत. बाजारातल्या बापांना बोलत तसं बोलतील, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, ‘‘अक्षर चांगलं आहे तुमचं. फळ्यावर असंच काढत जा.’’

मी हातातला खडू खाली ठेवला.

‘‘तिसरी आता तुमच्याकडे येईल. वजाबाकी एका जागी राहिली आहे. मधे शून्य आलं की काय करायचं ते सांगायचंय. तीनशे दोनातून एकशे सत्तेचाळीस. पेंढीच नाही, मग सोडायची काय? तर भारा सोडायचा. दहा पेंढ्यांचा भारा. त्यातल्या नऊ पेंढ्या राहतात आणि एक सुटते. हे हातानं करून दाखवायला पाहिजे, तोंडानं नाही समजत. उद्यासाठी भारे बांधून शाळेच्या मागं ठेवले होते.’’ त्यांनी खिडकीतून पाहिलं. ‘‘ते पेशकाराच्या बैलांनी खाल्ले. दुसरे आणा. तेवढं करा.’’

‘‘करतो,’’ मी म्हणालो.

‘‘गोदीच्या आईकडं लक्ष ठेवा. ती फसत नाही.’’

एवढं बोलून ते गेले. खुर्चीवरचा माठ त्यांनी जाताना खाली उतरवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी फर्मान काढलं : पाटीच्या फडक्याला गाठ दिसता कामा नये. ते स्वतः ओसरीवर फेऱ्या घालू लागले. मी तिसरीचा वर्ग घेतला. कडब्याचे भारे कुणाच्याही गोठ्यात होते, मागितले असते तर फुकट मिळाले असते. पण भारा खांद्यावर घेऊन शाळेच्या फाटकातून येताना हेडमास्तरांनी पाहिलं असतं, आणि काढून टाकलेल्या माणसाची रीत मी चालवतो आहे असं त्यांना वाटलं असतं. म्हणून मी फळ्याजवळ उभा राहिलो. माठ उतरवलेल्या खुर्चीवर हात ठेवून, सुबक अक्षरात तीनशे दोन लिहिलं आणि म्हणालो, ‘‘शून्याकडून घेता येत नाही. त्याच्या पुढच्याकडून घ्या. शून्याचे नऊ करा, दोनाचे बारा करा. पाठ करा.’’ चाळीस पोरांनी एका सुरात पाठ केलं. ओसरीवरून हेडमास्तरांनी मान डोलावली.

सकाळी सगळ्यांची फडकी सरळ होती. गोदीनं पाटी छातीशी धरली होती. माझ्यापाशी येऊन तिनं ती हळूच पालथी केली. फडक्याला दोन गाठी होत्या.

ओसरीवर बूट वाजत होते. मी पाटी मांडीवर घेतली आणि गाठी सोडायला लागलो. फडकं ओलं करून मारलेल्या गाठी, वाळून घट्ट बसलेल्या. नखानं सुटेनात. शेवटी दातांनी सोडवल्या. गोदी समोर उभी राहून बघत होती. मी फडकं सरळ करून पाटी तिच्या हातात दिली आणि म्हणालो, ‘‘जा, बस.’’

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. मी पुन्हा सोडवल्या. तिसऱ्या दिवशीही दोन होत्या, आणि त्या आधीपेक्षा घट्ट होत्या. त्या माउलीनं तीन दिवस मला सांगितलं की मास्तर, शून्याचे नऊ कसे झाले ते मला समजलं नाही. मलाही ते कुणी पाठ करण्यापलीकडे कधी समजावलं नव्हतं. समजायला एक भारा पुरला असता. मी तीन दिवस दातांनी गाठी सोडल्या.

चौथ्या दिवशी गोदीचं फडकं सरळ होतं.

मी तिला जवळ बोलावलं. ओसरीवर त्या वेळी कोणी नव्हतं, तरी आवाज बारीकच केला. ‘‘काल आईला सांगितलं नाहीस का?’’

‘‘न्हाई.’’

‘‘का गं?’’

गोदी माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, ‘‘आई म्हणली, ऱ्हाऊ दे. तुजे मास्तर गाठी सोडून राहिले, तर मी कशापायी मारू?’’

मी तिला जागेवर बसायला सांगितलं. मग हजेरीपट उघडला आणि हजेरी घेतली. त्या दिवशी वर्गात सगळे हजर होते. कुणालाही ताप नव्हता.